‘हाप्निदा’चं ‘हाम्निदा’ करणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही असं तू बजावलं होतंस, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र चारचौघांत वाचलं जाईल असंच लिहितेय. कोरियनच्या पहिल्याच महिन्यात ‘आपल्याला काही जमायचं नाही’ म्हणून वही मिटून ठेवणारे माझ्यासारखे बरेच असतील. त्यांनाही तुझ्या क्लृप्त्या कळू देत.

पहिल्या सत्रात मी हौसेनं कोरियनच्या वर्गाला नाव घातलं. मालिका बघून बघून निम्मी भाषा येतेच, असा माझा समज. पहिल्या चाचणीत ३० पैकी ९ गुण पडले. त्या संध्याकाळी लायब्ररीत बसून मी पुटपुटत होते, ‘खामसा-हाप्-निदा, खामसा-हाप्-निदा’, म्हणजे ‘आभारी आहे’. तू मागच्या टेबलावरून उठून आलीस. मला वाटलं, आता आवाजावरून बोलणी खावी लागणार. तू विचारलंस, “जगन्नाथ म्हणतेस की जगत्नाथ?”

“जगन्नाथ.”

“का?”

का ते शाळेत शिकवलं होतं. व्यंजनसंधी, दोन गुणांचा प्रश्न. पेपर दिला आणि विसरून गेले. तू माझ्याच वहीच्या समासात लिहिलंस, ‘वाक् + मय = वाङ्मय’. पुढे अनुनासिक आलं की मागचं व्यंजन आपल्याच वर्गातल्या अनुनासिकाचं रूप घेतं. ‘हाप्’च्या पुढे ‘नि’ आला, प-वर्गातलं अनुनासिक म, म्हणून ‘हाम्निदा’. मग ‘हानगुक’ म्हणजे कोरिया आणि ‘माल’ म्हणजे बोली, हे दोन शब्द जोडून मलाच म्हणायला लावलंस. ‘हानगुङमाल’! वाङ्मयच की हे. फरक इतकाच, की आपण बदललेला उच्चार लिहितोही. ते मूळ अक्षर तसंच ठेवतात आणि बदल बोलणाऱ्याच्या तोंडावर सोडतात. पुस्तकात या नियमाचा तक्ता होता, बाण आणि रकाने घातलेला. तो मी चार वेळा पाठ केला होता. जगन्नाथानं एका वेळेत काम केलं.

मग तू माझी वही चाळलीस आणि तुझा चेहरा उतरला. प्रत्येक कोरियन शब्दाखाली मी देवनागरीत उच्चार लिहून ठेवला होता. तू खोडरबर पुढे केलंस. “सगळं खोड.” मला राग आला होता, खरं सांगते. तीन आठवड्यांची मेहनत होती ती. (आणि आज हे अख्खं पत्र मी देवनागरीतच कोरियन शब्द लिहून तुला पाठवतेय. माफ कर, वाचणाऱ्यांसाठी इलाज नाही.)

राग गेला तो ‘पुबु’मुळे. पुबु म्हणजे नवरा-बायको. त्यांच्या लिपीत दोन्ही अक्षरं तंतोतंत एकच, पण शब्दाच्या सुरुवातीला ते प-सारखं ऐकू येतं आणि दोन स्वरांच्या मध्ये ब-सारखं. देवनागरीत लिहिलं की आपण दोन वेगळी अक्षरं लिहितो आणि कान त्यातच अडकून बसतो. त्याहून अवघड म्हणजे चंद्र, मुलगी आणि मुखवटा. आपल्या कानाला तिन्ही ‘ताल’ किंवा ‘थाल’च. तू सांगितलंस की मुलगीतला आवाज आपल्या ‘त’च्या जवळचा, हवा न सोडता घट्ट म्हटलेला. मुखवट्यातला आपला ‘थ’. हे दोन तर मराठी माणसाला फुकटच मिळाले. अडचण फक्त चंद्राची. तो मधलाच. थोडी हवा, आणि सूर खाली. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून आपण दोघी ‘चंद्र, मुलगी, मुखवटा’ करत बसलो होतो, आणि ग्रंथपाल दोनदा येऊन बघून गेले होते.

लिपीचं वेड मात्र तूच लावलंस. राजा सेजोंगनं ती १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये लोकांपुढे ठेवली, हे पुस्तकातही होतं. पण आपली मुळाक्षरं कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी तोंडातल्या जागेप्रमाणे रांगेत बसवलेली, आणि त्यांच्या राजानं ती जागाच अक्षरात काढली, हे पुस्तकात नव्हतं. त्यांचा ‘न’ म्हणजे दातांमागे टेकलेली जीभ. ‘म’ म्हणजे तोंडाचा चौकोन. ‘क’ला एक रेघ वाढवली की ‘ख’. त्या काळच्या ग्रंथात म्हटलंय की हुशार माणूस ही लिपी सकाळ संपायच्या आत शिकेल आणि मंद माणूस दहा दिवसांत. मला अठरा लागले. तू म्हणालीस, “मधली कुठली तरी सुट्टी धरली असशील.”

व्याकरणात तू माझी भीतीच काढून घेतलीस. ‘ओनुरुन शिगानी ऑप्सॉयो’. आज, वेळ, नाही. शब्द मराठीच्याच क्रमानं येतात, क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटलेले. त्यातला ‘उन’ मला कळेना, तर म्हणालीस, “‘आज तर वेळ नाही’ असं म्हणून बघ. ‘तर’ सगळीकडे नाही बसणार, पण अडलीस की लावून बघ.” अजूनही लावून बघते. शिवाय आला-आली-आलं ही भानगडच नाही, क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही. आकड्यांचे दोन संच आहेत, घड्याळात तास एका संचात आणि मिनिटं दुसऱ्यात, हे ऐकून मी कुरकुरले, तर तू ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ परदेशी माणसाला शिकवून दाखव म्हणालीस. गप्प बसले.

शब्दसंग्रहासाठी तू दिलेली किल्ली मी अजून वापरते. आपल्याकडे विद्यार्थी, विद्यालय, विद्यापीठ, तसं त्यांच्याकडे चिनी मुळाचं ‘हाक’. हाक्सेंग विद्यार्थी, हाक्क्यो शाळा, तेहाक महाविद्यालय, मुनहाक साहित्य. आणि ‘पांगहाक’, म्हणजे सुट्टी. शब्दशः अभ्यास सोडून देणं. हा शब्द मी एकदाच ऐकला आणि कधी विसरले नाही.

तोंडी परीक्षेचा किस्सा तुला सांगितला तेव्हा तू हसून हसून टेबलावर डोकं टेकलंस. ‘हाक्सेंगइसेयो?’ असं मला विचारलं, म्हणजे ‘आपण विद्यार्थिनी का?’. मी ऐकलं तसं ठोकून दिलं, ‘ने, हाक्सेंगइसेयो’. शेवटचा ‘सेयो’ हा आदराचा प्रत्यय, तो समोरच्यासाठी असतो, स्वतःसाठी नाही. “म्हणजे तू म्हणालीस, होय, आम्ही विद्यार्थिनीसाहेब आहोत,” हे तुझं भाषांतर. त्यानंतर तू मला सात दिवस फक्त प्रश्न विचारलेस, आणि प्रत्येक उत्तरात तो प्रत्यय गाळायला लावलास. आदर कोणाला द्यायचा यापेक्षा स्वतःला कसा द्यायचा नाही, हे शिकायलाच जास्त दिवस गेले.

तुझा स्वतःचा प्रबंध अडला होता त्या दिवसांत. मंगळवार-शुक्रवारचा एकेक तास तू मला दिलास आणि ते कधी बोलून दाखवलं नाहीस. मला खूप नंतर, दुसऱ्याच कोणाकडून कळलं. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या पेपरात ७० प्रश्न, १०० मिनिटं, २०० गुण. पहिल्या श्रेणीसाठी ८० हवेत. मला ११६ पडले. त्यातले बरेचसे तुझ्या मंगळवार-शुक्रवारांचे.

सुरुवातीला मी तुला ‘नूना’ म्हणायचे. मालिकेत ऐकलेलं. महिनाभरानं तूच सांगितलंस की ताईला नूना म्हणतो तो मुलगा, मुलीनं ‘ऑन्नी’ म्हणायचं. महिनाभर का थांबलीस, असं विचारलं तर म्हणालीस, मजा येत होती. त्याच दिवशी मला ‘अहो-जाहो पुरे’ म्हणालीस, आणि त्यालाही त्यांच्याकडे शब्द आहे हे सांगितलंस. ‘माल नोता’, म्हणजे बोली खाली ठेवणं. हातातलं ओझं ठेवावं तशी.

आता प्रश्न असा, की पत्रात कुठले आभार लिहायचे? कोमाप्सुम्निदा हे सभेत शोभणारं. त्यातही ‘प’ लिहून ‘म’ म्हणायचा आहेच, बघ. कोमावॉयो जरा घरचं. ‘यो’ही गाळलं की नुसतं कोमावॉ, अगदी जवळच्यांचं. मी बोली खाली ठेवलीय, तेव्हा तिसरंच घे.

कोमावॉ, ऑन्नी.

तुझी,
विद्यार्थिनीसाहेब

ता. क. तुझं ते खोडरबर माझ्याकडेच राहिलंय. अर्धं झिजलंय. परत हवं असेल तर सांग.