पालखीला नवे कोरे बूट घालून येऊ नका, माउली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पालखी प्रस्थानाला आता महिनाभरच राहिलाय. थोड्या दिवसांत तुमच्या पेपरात वेळापत्रक येईल, मुक्काम कुठे, रस्ते कुठले बंद, आणि आम्ही दरवर्षीप्रमाणे ते कापून फ्रिजवर चिकटवू. पण यंदा त्याच्या आधी, म्हणजे अगदी आत्ताच, एक छोटा चौकोन पायांसाठी द्या एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय. आत्ताच अशासाठी की प्रस्थानाच्या आदल्या दिवशी हे वाचून कुणालाच उपयोग नाही.

आम्ही हडपसरला राहतो. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी आम्ही सोसायटीतले आठ-दहा जण दिवे घाट संपल्यावर रस्त्याकडेला टेबल टाकतो, पाय धुवायला पाणी, मालिशचं तेल, ड्रेसिंगचं सामान, आमच्यातल्या एक ताई नर्स आहेत त्या असतात. हा टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात घाटाची चढण, आणि पुण्यातून एक दिवसापुरती चालायला येणारी मंडळी सगळ्यात जास्त याच दिवशी. संध्याकाळपर्यंत टाचेवर पाण्याचे फोड घेऊन येणाऱ्यांची नुसती रांग लागते आणि विचारलं की दहातले सात-आठ जण तेच सांगतात, ताई बूट नवीन आहेत, खास वारीसाठी घेतले.

कुणी मुद्दाम चूक करत नाही हो. माउलींसोबत चालायचं तर चांगलं काहीतरी घालावं असं वाटतं, श्रद्धेनेच घेतलेले असतात. पण नवा बूट टाचेपाशी कडक असतो आणि चढणीला दर पावलाला टाच बुटात वर सरकते, खाली येते, वर सरकते, असं हजारो वेळा. त्यात मोजा घामाने नाहीतर पावसाने भिजलेला, ओली कातडी मऊ पडते आणि जास्त ओढली जाते, मग आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे पाणी भरतं. बूट किती महागाचा आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. परभणीकडच्या एक आजी दोन वर्षं आमच्याकडे चहाला थांबल्या, चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला, पायावर एक फोड नाही, म्हणाल्या ही चप्पल माझ्या पायाला वळखते.

मागच्या वर्षी पन्नाशीचे एक काका आले ते मात्र डोळ्यासमोरून जात नाहीत. ते फक्त पाणी प्यायला थांबले होते, पाय दुखतोय असं म्हणालेच नाहीत. ताईंचं लक्ष गेलं, पांढऱ्या मोज्यावर मागे तपकिरी डाग. मोजा कातडीला चिकटलेला, पाणी घालून घालून हळूहळू सोडवला तर टाचेवर रुपयाएवढी जागा पूर्ण सोललेली. काकांना पंधरा वर्षांची शुगर, पायाला संवेदना कमी, त्यामुळे वडकी नाल्यापासून बूट चावतोय हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांना आम्ही तिथल्या तिथे अँब्युलन्सकडे पाठवलं. शुगर असलेल्यांनी तर दर विसाव्याला बूट-मोजे काढून पाय डोळ्यांनी बघायलाच हवेत, दुखण्याची वाट बघू नका.

बूट घ्यायचेच असतील तर या आठवड्यात घ्या आणि संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी आवळतो. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. आणि वारीत जे मोजे घालणार तेच घालून मापाला जा, सुती नको, ते पाणी धरून ठेवतात. मग आधी घरात तासभर, मग भाजी आणायला, मग पाच किलोमीटर, आठ, दहा असं वाढवत न्या, कुठे लागतंय ते त्यातच कळतं. लेस वरच्या शेवटच्या भोकातून ओवली की टाच कमी सरकते, बऱ्याच जणांना हे भोक कशाला असतं तेच माहीत नसतं. जिथे चुरचुरतं तिथे निघायच्या आधीच मेडिकलमधली कागदी पट्टी, मायक्रोपोर टेप म्हणतात ती, सुरकुती न पडता लावा. पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. आणि चालताना टाच गरम वाटली की तिथेच थांबा, दिंडी पुढे गेली तरी गाठता येते.

फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका, प्लीज. सेफ्टी पिनने फोडून वर हळद नाहीतर टूथपेस्ट चोपडून आलेले पाय आम्ही दरवर्षी बघतो. ती कातडीच आतल्या जखमेचं झाकण आहे. लहान फोड असेल तर नुसता झाकून ठेवा, मोठा आणि ठणकणारा असेल तर वाटेतल्या आरोग्य पथकाकडे दाखवा, पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण अजून सगळं चालायचं असतं.

अजून एक, जरा अवघड वाटतं लिहायला. बरीच मंडळं वाटेवर नवीन चपला, बूट वाटतात, भावना फार चांगली आहे. पण माउली जुनी मऊ झालेली चप्पल तिथेच टाकून नवी घालतात आणि दुसऱ्या दिवशी लंगडतात. ज्यांची चप्पल खरंच तुटली त्यांना जरूर द्या. बाकीच्यांना कोरडे मोजे द्या, पट्टी द्या, आणि जमलं तर एक चांभारकाका बसवा, आमच्या शेजारी एक वर्ष होते, दिवसभर त्यांची मान वर झाली नाही.

तर संपादक साहेब, तो चौकोन शक्यतो येत्या रविवारीच छापा, म्हणजे लोकांना बूट वापरून मऊ करायला तीन आठवडे तरी मिळतील.

आपली,
एक वाचक, हडपसर, पुणे