जेल रोडच्या काकांना, डीआरएमचा सेट मार्गी लावून दिल्याबद्दल

सप्रेम नमस्कार काका,

रामबागेतला आमचा जुना शॉर्टवेव्ह सेट आता डीआरएम (डिजिटल रेडिओ मॉन्डियाल) हे डिजिटल प्रसारण लॅपटॉपच्या मदतीने घेतो, आणि ते तुमच्यामुळे. तोंडदेखलं ‘थँक्यू’ म्हणून सुटण्यापेक्षा तुम्ही काय काय सांगितलंत ते इथे मांडतो. इंदूरमध्ये आणखी कोणी सेट उघडून बसला असेल, तर त्याच्याही कामी येईल.

पहिले आभार ‘हेडफोनच्या जॅकचा नाद सोडा’ या वाक्याचे. तिथे सिग्नल डिटेक्टरमधून (लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागातून) गेल्यावर येतो, आणि डिटेक्टर फक्त लहरीचा उंच-सखलपणा ठेवतो, फेज (लहर चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) पुसून टाकतो. डीआरएमची निम्मी माहिती तर फेजमध्येच असते. त्यामुळे सिग्नल डिटेक्टरच्या आधी, 455 किलोहर्ट्‌झच्या आयएफमधूनच (सेटच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या टप्प्यातूनच) काढायला हवा. तोही थेट नाही: 10 ते 22 पीएफच्या (पिकोफॅरडच्या) कॅपॅसिटरमधून एका एफईटी बफरला, म्हणजे मागच्या सर्किटवर भार न टाकणाऱ्या ट्रान्झिस्टरला. नाहीतर वायरचा भार पडून आयएफचा कॅन (धातूच्या डबीतली ट्यून केलेली कॉइल) डीट्यून होतो आणि सेट बहिरा होतो.

पुढे एनई612 हा मिक्सर, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींतला फरक काढून देणारी चिप. त्याच्या 6 आणि 7 नंबरच्या पायांवर 467 किलोहर्ट्‌झचा ऑसिलेटर बांधला की 467 वजा 455, म्हणजे 12 किलोहर्ट्‌झ मिळतात आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड ते घेऊ शकतं. 467 चा रेझोनेटर बाजारात मागून मिळत नाही. 470 चा घ्या, 470 पीएफच्या दोन कॅपॅसिटरपासून सुरुवात करा आणि ट्रिमरने खाली ओढा, हा तुमचा उपाय. शे-दोनशे हर्ट्‌झ इकडेतिकडे झाले तरी लॅपटॉपवर डीआरएम उलगडणारं ड्रीम सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. चिपला 78एल05 मधून 5 व्होल्ट पुरतात, मात्र डीकपलिंगचा (पुरवठ्यातली खरखर गाळणारा) 0.1 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर पायाला खेटूनच लावायचा.

खरी गोम फिल्टरमध्ये होती. ड्रीमच्या स्क्रीनवर एफएसी (सिग्नलची प्राथमिक माहिती) हिरवा, एसडीसी (स्टेशनाची माहिती) आणि एमएससी (प्रत्यक्ष आवाज) लाल: हे बघताच तुम्ही म्हणालात, ‘फिल्टर अरुंद आहे.’ एफएसीचे वाहक पट्ट्याच्या मध्याजवळच असतात, म्हणून 6 किलोहर्ट्‌झच्या फिल्टरमधूनही ते निभावतात. आवाज मात्र पूर्ण 10 किलोहर्ट्‌झभर पसरलेला असतो, त्याच्या दोन्ही कडा छाटल्या जातात. मुराटाच्या फिल्टरवरचं शेवटचं अक्षर पाहायला तुम्ही शिकवलंत: एच म्हणजे दोन्ही बाजूंना 3 किलोहर्ट्‌झ, जी म्हणजे 4.5, एफ म्हणजे 6. डीआरएमला एफ. डब्यातून शोधून तो काढून दिलात, आणि पायांची रचना जुळते का ते सोल्डरिंगच्या आधी बघा, असंही बजावलंत. आता 7 ते 17 किलोहर्ट्‌झच्या मध्ये स्पेक्ट्रमच्या चित्रात सपाट माथ्याचा ठोकळा दिसतो.

बाकीचं थोडक्यात. ठोकळा दिसतो पण काहीच लॉक होत नसेल, तर स्पेक्ट्रम उलटा असू शकतो. ड्रीममधला ‘फ्लिप इनपुट स्पेक्ट्रम’ लावून बघायचा. साउंड कार्ड 48 किलोहर्ट्‌झवर, लाइन-इनमध्ये, आणि विंडोजची ‘एन्हान्समेंट्स’ सगळी बंद, कारण नॉइज सप्रेशनला डीआरएम म्हणजे निव्वळ खरखर वाटते. पातळी कमीच ठेवायची, डीआरएमची शिखरं उंच असतात, एकदा क्लिप झालं (शिखरं छाटली गेली) की गेलं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की एसएनआर (खरखरीच्या तुलनेत सिग्नलचा जोर) लगेच सुधारतो. स्टेशनाचं नाव दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर बहुधा ड्रीमला एएसी डीकोडरची (आवाजाचं कोडिंग उलगडणारी) लायब्ररी सापडलेली नाही, सेटला दोष देऊ नये. (आम्ही देणारच होतो.)

फिल्टरचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते आम्हाला पटलेलं नाही. तुमचा प्लॅस्टिकचा ट्रिमर-स्क्रूड्रायव्हरही आमच्याकडेच राहिलाय. लोखंडी लावला की फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून तो सोडवत नाही. रविवारी आणून देतो, तेव्हा पैशांचंही बघू.

आपले,
रामबागेतले रेडिओवाले