फरशीच्या गोडाऊनमधला भूगोलाचा तास

आदरणीय मालक,
सप्रेम नमस्कार.

दुकानात येणारा प्रत्येक जण तुम्हांला मालकच म्हणतो, म्हणून मीही तसंच लिहिते. सहावीच्या मुलांना खडकांचे प्रकार शिकवायला नमुने हवे होते. तुम्ही कटिंगमधून उरलेले तुकडे तर दिलेतच, वर ऐन कामाच्या दिवशी मशिन बंद ठेवून मुलांना गोडाऊनमध्ये बसवून घेतलंत. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानायचे होते.

सोलापुरात खडक शिकवायचे म्हणजे पंचाईतच. किल्ल्याची तटबंदी असो, विहिरीचं बांधकाम असो की रस्त्यावरची खडी, सगळा बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरत गेला आणि थिजला. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी बोअर घेतला, तेव्हा सुमारे 338 मीटरपर्यंत हेच थर लागले. आपली काळी माती आणि मुरूम, दोन्ही ह्याच दगडाची झीज होऊन तयार झालेले. अग्निजन्य खडक मुलांच्या पायाखालीच आहे, पण गाळाचा आणि रूपांतरित दाखवायचा कुठे? ते दोन्ही तुमच्याकडे होते, ट्रकने आलेले.

तुम्ही तीन काळे तुकडे शेजारी शेजारी मांडलेत: शाळेमागचं डबर, ओट्याचा कडप्पा आणि ब्लॅक ग्रॅनाइट. "रंग बघू नका, आतून बघा," एवढंच म्हणालात. मुलांनी भिंग लावलं. डबरात कण दिसेचनात, कारण लाव्हा उघड्यावर लवकर थंड झाला, स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही. मधूनमधून पांढरे ठिपके होते. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे निघून गेले आणि त्या पोकळ्यांत पुढे खनिजं भरली, त्याचे ते. ब्लॅक ग्रॅनाइटमध्ये मात्र कण स्पष्ट चमकत होते. बाजारात त्याला ग्रॅनाइट म्हणत असले तरी अशा काळ्या दगडांपैकी बरेचसे भूशास्त्राच्या हिशेबाने डोलेराइट किंवा गॅब्रो असतात. घटक जवळपास बेसाल्टचेच, पण जमिनीखाली सावकाश थंड झालेले.

मग तुम्ही हातमोजे चढवलेत, मुलांना मागे सरकवलंत आणि फरशी धुण्याच्या ॲसिडचा एकेक थेंब टाकलात. बेसाल्ट गप्प, ग्रॅनाइट गप्प, कडप्पा फसफसला! तो चुनखडक, म्हणजे गाळाचा. लिंबू सांडलं की ओट्यावर डाग का पडतो, हे कित्येक मुलींनी त्या संध्याकाळी घरी जाऊन समजावलं. तिघींच्या आयांनी मला तसं आवर्जून सांगितलं.

शहाबादीवर तर तुम्ही किती बोललात! समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ साचत गेला, म्हणून तिचे थर छिन्नीने सुटतात. ती 50 कोटी वर्षांहून जुनी. कलबुर्गीकडे हे थर उघडे आहेत आणि पश्चिमेला, आपल्या बाजूला, ते बेसाल्टखाली जातात. म्हणजे आमच्या वर्गातली फरशी शाळेखालच्या जमिनीपेक्षा कितीतरी जुनी आहे. हे ऐकून मागच्या बाकावरचा एक मुलगा वाकून फरशीला हात लावून बघत होता. असा तास शिक्षकाच्या वाट्याला फार क्वचित येतो.

मकराण्याचा संगमरवरही ॲसिडला फसफसला, तेव्हा मुलं गोंधळली. तुम्ही तो तोडून ताजी कड दाखवलीत. साखरेच्या खड्यांसारखे एकमेकांत घट्ट बसलेले कण! मूळचा चुनखडकच, पण उष्णतेने आणि दाबाने न वितळता नव्याने स्फटिक झालेला. रूपांतरित म्हणजे काय, हे मी फळ्यावर लिहून कधीच इतकं नीट पोहोचवू शकले नसते.

सगळे तुकडे आता वर्गातल्या कपाटात आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी आहे: दुकानातलं नाव, खडकाचं नाव, तो कसा तयार झाला. रूपांतरितच्या खणात अजून एकटा संगमरवर आहे. कर्नाटकातून येणाऱ्या मालात पट्ट्यापट्ट्यांचा नीस सापडला तर हातभर तुकडा बाजूला ठेवा, आमचा शिपाई येऊन घेऊन जाईल.

आपली,
सहावीची वर्गशिक्षिका, सोलापूर