ब्लूजला गुण देताना ओळीमागची रिकामी जागाही ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांतून पुढे आलेल्या ब्लूज गायकांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. ब्लूज हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांतून आलेला गाण्याचा प्रकार. तालुक्याच्या वाचकापर्यंत हा विषय पोचला, हे चांगलंच झालं. पण लेखातल्या दोन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात, आणि त्या गणपती-शारदोत्सवाच्या आधी करायला हव्यात. त्या दिवसांत गावोगाव गायनस्पर्धा भरतात आणि असा लेख वाचून कुणीतरी मास्तर पोरांकडून ‘ब्लूज’ बसवून घेणारच.

पहिली गोष्ट यादीची. लेखातल्या गाण्यांच्या यादीत ‘ॲट लास्ट’ हे ब्लूजचं गाणं म्हणून दिलं आहे. ते गाजवणारी एटा जेम्स ब्लूज जबरदस्त गायची, यात वाद नाही. पण हे गाणं १९४१च्या सुमाराचं, बत्तीस बारांचं (बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा) प्रेमगीत आहे. ‘समरटाइम’ तर अमेरिकन संगीतकार गर्शविनच्या १९३५च्या ऑपेरातलं. फँटेशिया बरिनोनं २००४ साली अमेरिकन आयडॉलच्या मंचावर बसकण मारून ते गायलं आणि त्या वर्षी ती जिंकली. तिचा आवाज ब्लूजचा आहे, गाण्याचा साचा नाही. हा फरक ऐकणाऱ्याला नाही कळला तरी चालेल, शिकवणाऱ्याला कळायलाच हवा.

टीव्हीवरून आलेल्यांत ब्लूजच्या खरोखर जवळचे आम्हाला वाटतात ते असे. अलाबामाचा टेलर हिक्स, अमेरिकन आयडॉल २००६चा विजेता, माउथ ऑर्गन वाजवणारा. क्रिस्टल बोवरसॉक्स, २०१०ची उपविजेती, गिटार आणि माउथ ऑर्गन दोन्ही स्वतः सांभाळणारी. त्याच वर्षी अमेरिकाज गॉट टॅलेंट जिंकलेला मायकल ग्रिम. आणि २०११मधली हेली राइनहार्ट व तिच्याच पर्वातला, उभा बास वाजवत गाणारा केसी अब्राम्स. यातल्या तिघांच्या तरी हातात वाद्य होतं आणि ते का, हे पुढे येईल. आपल्याकडे शिलाँगच्या ‘सोलमेट’ बँडची टिप्रिती खारबांगार टीव्ही स्पर्धेतून आलेली नाही, पण लेखात तिचं नाव नसावं याचं नवल वाटलं.

दुसरी गोष्ट कापसाची. अमेरिकेतल्या मिसिसिपीतही कापूस, वऱ्हाडातही कापूस, म्हणून ब्लूज आपल्या पोरांच्या रक्तातच आहे, असं लेखक म्हणतात. मडी वॉटर्स आणि बी. बी. किंग हे ब्लूजचे दिग्गज कापसाच्या शेतांवर राबले, ट्रॅक्टर चालवले, हे खरं. पण कापूस वेचून ठेका येत नाही. आपल्या गावाला खरा उपयोग आहे तो पोळ्याच्या झडत्यांचा आणि खंजेरी भजनाचा. तोरणाखाली एक जण झडती टाकतो, टोमणा मारतो आणि गर्दी ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून ती उचलते. एकाची हाक आणि दुसऱ्याचं उत्तर, हा ब्लूजचा पाया आपल्याकडे आधीपासून आहे. फरक एवढाच, की भजनात मंडळी बुवाचीच ओळ पुन्हा म्हणतात, ब्लूजमध्ये उत्तर वेगळं असतं आणि बहुतेक वेळा ते वाद्य देतं.

आता साचा. एक फेरी बारा बारांची, प्रत्येक बारात चार ठोके, म्हणजे एकूण ४८. ओळी तीन. पहिली ओळ, मग तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ त्यांना उत्तर देणारी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात. शब्द साधारण पहिल्या दोन बारांत संपतात, उरलेले दोन रिकामे राहतात. उदाहरणापुरती आम्हीच जुळवलेली ही वऱ्हाडी फेरी बघा:

रातच्याले लाइन येते, दिवसा मोटर चालेना,
रातच्याले लाइन येते, दिवसा मोटर चालेना,
हिरीत पानी उभं हाये, पऱ्हाटीले भेटेना.

हार्मोनियमवर सा पांढरी एक धरला तर कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे स्वरांचे गट, तीनच लागतात. षड्जाची: सा, ग, प, कोमल नि. मध्यमाची: म, ध, सा, कोमल ग. पंचमाची: प, नि, रे, म. पहिले चार बार षड्जाची कॉर्ड, पाचवा-सहावा मध्यमाची, सातवा-आठवा परत षड्जाची, नववा पंचमाची, दहावा मध्यमाची, अकरावा षड्जाची आणि बारावा पंचमाची. हा शेवटचा बार म्हणजे पुढच्या फेरीचं बोलावणं. शेवटच्या फेरीत मात्र तिथे पंचम न घेता षड्जावरच थांबायचं, नाहीतर गाणं संपलं हे ऐकणाऱ्याला कळतच नाही आणि टाळ्या लटकतात.

गाणाऱ्याचे स्वर म्हणजे जवळपास धानी राग: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. अधूनमधून तीव्र मध्यमाचा ओझरता स्पर्श. ज्याला जोग रागातले दोन्ही गंधार माहीत आहेत त्याला पुढचं लवकर समजेल, कारण ब्लूजची सगळी गंमत गंधारात आहे. गाणारा कोमल गंधारावर असतो आणि खाली कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो. दोघांची घासाघीस होते. शिवाय गाणारा कोमलावर स्थिर राहत नाही, शुद्धाकडे सरकतो पण पोचत नाही. पेटीच्या पट्टीत ही मधली जागा नाहीच. म्हणून पेटीवाल्यानं पहिल्या ओळीखाली ग सोडून द्यावा, सा-प-कोमल नि एवढंच धरावं. जागा गळ्याला मोकळी मिळते.

दुसरी ओळ तीच असते म्हणून पोरं ती पहिलीसारखीच म्हणतात आणि परीक्षकही कंटाळतात. पण पाचव्या बारात खालची कॉर्ड मध्यमाची झालेली असते आणि तिच्यात कोमल गंधार घरचाच आहे. म्हणजे जो स्वर मघाशी टोचत होता, तोच आता बसतो. शब्द तेच, चाल तीच, खालची जमीन सरकलेली. हे एकदा पेटीवर ऐकवलं, की दुसरी ओळ वेगळी कशी म्हणायची हे पोराला सांगावं लागत नाही. शास्त्रीय शिकलेल्या पोरांची चूक वेगळी असते. ती कोमल ग दरबारीसारखा आंदोलित करतात. सुंदर वाटतं, पण ब्लूज संपतो.

ठेक्यात सर्वांत जास्त घोटाळा होतो. आपला ढोलकीवाला सवयीनं केरवा लावतो. केरव्यात ठोक्याचे दोन सारखे भाग पडतात, ब्लूजच्या झुलत्या चालीत तीन लागतात. सोपा मार्ग दादऱ्याचा. ‘धा धी ना, धा ती ना’ यातली दुसरी आणि पाचवी मात्रा गिळायची: ‘धा – ना, धा – ना’. दादऱ्याचं एक आवर्तन म्हणजे दोन ठोके, दोन आवर्तनांचा एक बार, चोवीस आवर्तनांची एक फेरी. जोर पहिल्या धावर नको, दुसऱ्यावर हवा. समेवर दणका मारायची सवय इथे आडवी येते. डग्गा पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला हलका ठेवून चाटीचा, म्हणजे कडेवरचा, कडक आवाज दुसऱ्या-चौथ्याला काढावा. झांज असेल तर तीही फक्त दुसऱ्या-चौथ्यालाच. लोक टाळ्या पहिल्या-तिसऱ्याला देऊ लागले तर झांजवाल्यानं त्यांच्या मागे जाऊ नये. चार-सहा बारांत लोकच वळतात.

माउथ ऑर्गनबद्दल एक सावधगिरी. तालुक्याच्या दुकानात किंवा यात्रेत मिळतो तो बहुधा चोवीस घरांचा, दुहेरी भोकांचा, थरथरत्या आवाजाचा. सिनेमाच्या गाण्यांना छान, ब्लूजला निरुपयोगी. त्यात एका स्वराला धातूच्या दोन पट्ट्या, किंचित वेगळ्या लावलेल्या, एकदम वाजतात आणि श्वासानं स्वर खाली वाकवता येत नाही. दहा भोकांचा साधा ‘डायटॉनिक’ मागावा, सी पट्टीचा. त्यावर गाणं सीमध्ये वाजवायचं नाही, जीमध्ये, म्हणजे सा पांढरी पाच. दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की षड्ज मिळतो. तिसऱ्यातून ओढला की शुद्ध गंधार, आणि जीभ मागे घेऊन, हवेची वाट बदलली की तोच खाली वाकून कोमलाकडे येतो. चौथ्यात पंचम, तोही वाकतो. पाचव्यात कोमल नि तयारच असतो. नवशिके जोरानं ओढतात, त्यानं पट्टी गुदमरते. जोर नको, तोंडाचा आकार बदलायला हवा. फुंकून वाजवायची सवय असलेल्याला यात महिनाभर तरी जातो.

आता मूळ मुद्दा, ते रिकामे दोन बार. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नसे. ओळ संपली की त्याची ‘लुसील’ नावाची गिटार बोलायची. (हे नाव पडलं ते अशा एका बाईवरून, जिच्यासाठी आर्कान्सातल्या एका नाचघरात दोघे भांडले, रॉकेलचं पिंप कलंडलं, घर पेटलं आणि हा गडी गिटार आणायला परत आत धावला.) १९६४ साली शिकागोत रेकॉर्ड झालेला त्याचा ‘लाइव्ह ॲट द रीगल’ हा अल्बम मोबाइलवर सहज मिळतो. त्यात गिटारच्याही आधी प्रेक्षक उत्तर देतात. गायिका बेसी स्मिथच्या १९२५च्या ‘सेंट लुइस ब्लूज’मध्ये हेच काम लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट (छोट्या ट्रंपेटसारखं वाद्य) करतं. मुलांना ऐकवायचं तर आधी हे दोन ऐकवावेत आणि प्रत्येक उत्तराला हात वर करायला सांगावं.

आपल्या संगतीची परंपरा नेमकी याच्या उलट. पेटीवाला गळ्याच्या सावलीसारखा चालतो, गाणारा जिथे जाईल तिथे मागोमाग. ठुमरी-भजनात तेच हवं. ब्लूजमध्ये ओळ चालू असताना पेटीनं कॉर्ड धरून गप्प बसायचं आणि ओळ संपली की बोलायचं, तेही चार-पाच स्वरांत. ओळीची नक्कल नको. आणि गाणाऱ्यानं तेव्हा थांबायचं. बहुतेकांची घसरगुंडी इथेच होते. रिकामी जागा दिसली की पोर हरकत-मुरकी भरतं, तान टाकतं. मंचावर गप्प उभं राहणं त्याला चूक केल्यासारखं वाटतं. हातात वाद्य असलं तर हात गुंततात आणि तोंड आपसूक थांबतं. वरच्या यादीतल्या तिघांचा फायदा तो.

टीव्हीच्या मंचावर गाण्याला बहुधा दीड-दोन मिनिटं मिळतात. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत एक फेरी ३६ सेकंदांची होते, म्हणजे दीड मिनिटात अडीच फेऱ्या. मग गाणं कापतात आणि सर्वांत आधी उत्तराचे बार कापले जातात, कारण तिथे गाणारा ‘काहीच करत नाही’. उरतात नुसत्या ओळी आणि शेवटी वरच्या षड्जावरची किंकाळी. परीक्षक उभे राहतात ते त्या किंकाळीला.

स्पर्धा ब्लूजला परकी आहे, असं मात्र आम्ही म्हणत नाही. बी. बी. किंग स्वतः मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धांत उतरत असे. बडी गाय या गिटारवाल्या गायकाला शिकागोत १९५८ साली रेकॉर्डचा करार मिळाला तोही मॅजिक सॅम आणि ओटिस रश या गिटारवाल्यांबरोबरच्या चढाओढीनंतर. पण तिथे समोरचे लोक गाणाऱ्याला मध्येच उत्तर देत होते आणि दाद तिथल्या तिथे कळत होती. वैशाली माडे यांनी २००९ साली सारेगमप जिंकल्यापासून विदर्भातल्या कितीतरी आईबापांचे डोळे टीव्हीच्या मंचाकडे लागलेले आहेत. त्यात गैर काही नाही. फक्त त्या मंचाचं घड्याळ आपल्या गावच्या स्पर्धेनं कशाला बांधून घ्यावं?

गावच्या मंडळांना म्हणून सुचवतो. ब्लूज किंवा तत्सम गाण्याला किमान अडीच मिनिटं द्यावीत, म्हणजे चार पूर्ण फेऱ्या बसतात. कॅराओके ट्रॅक नको. ट्रॅक गाणाऱ्यासाठी थांबत नाही, आणि मोबाइलवर पट्टी दोन-तीन सुरांपेक्षा जास्त सरकवली की वाद्यांचा आवाज भेसूर होतो. पेटी, ढोलकी आणि गिटार किंवा माउथ ऑर्गन एवढं पुरे. पट्टी नेहमीपेक्षा एक-दोन सूर खाली घ्यावी, कारण ब्लूजची ओळ वरून सुरू होऊन खाली उतरते आणि खालचा षड्ज नुसता श्वास होऊन चालत नाही, तो ऐकू यायला हवा. शंभरातले गुण सुराला ३०, ठेक्याला ३०, शब्दफेकीला २० आणि जागा सोडण्याला व संगतकाराशी बोलण्याला २० असे वाटून बघावेत. वरच्या सुराला वेगळे गुण नकोत. आवाजाला खरखर आणण्यासाठी गळा आवळणाऱ्या मुलांना तर तिथल्या तिथे थांबवावं. हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाचा आवाज तसाच होता, तो कमावलेला नव्हता. दहा मिनिटांच्या सरावात घसा दुखू लागला तर पद्धत चुकते आहे, आणि आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलानं तर तो प्रयोग करूच नये.

वर दिलेल्या वऱ्हाडी फेरीवर आमचा काही हक्क नाही. चौथ्या बारात उत्तर काय द्यायचं, ते ज्यानं त्यानं आपल्या पेटीवर शोधावं.

आपले नम्र,
पेटी, ढोलकी आणि गिटार शिकवणारे काही जण
आर्वी परिसर, जि. वर्धा