गुंड्याची नवी शाळा

एडिसन, न्यू जर्सी
10 मे

ती. आई व ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईला रडू आलं आणि मी घाईत फोन ठेवला. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते. आम्ही मजेत आहोत. गुंड्याची झोप सुधारली आहे, आमटी-भात दोन वेळा मागून घेतो.

शाळेचं ठरलं. सप्टेंबरपासून तो घराजवळच्या मिडल स्कूलमध्ये, सहावीत. आई, "स्वमग्न मुलांच्या वेगळ्या शाळेत टाकणार का गं" असं तू तीनदा विचारलंस. तशी एक शाळा पाहिली. आठ मुलांचा वर्ग, शांतता, सगळं छान. पण तिथल्या बाई पाऊण तास सगळं मलाच विचारत राहिल्या, तो शेजारी उभा असून. जवळच्या शाळेतल्या बाईंनी त्यालाच विचारलं, तुला काय आवडतं? तो म्हणाला, जिने. त्यांनी त्याला शाळेतले सगळे जिने हिंडवून आणले. माझं तिथेच ठरलं.

इथली एक रीत मात्र तुम्हाला पटायची नाही. आपल्याकडे तास संपला की बाई बदलतात, मुलं बाकावरच असतात. इथे सहावीपासून उलटं. बाई आपल्या खोलीत, आणि घंटा झाली की चार मिनिटांत सगळी शाळा एकदम व्हरांड्यात! दप्तर वर्गात न्यायचं नाही, भिंतीतल्या अरुंद लोखंडी लॉकरमध्ये ठेवायचं. त्याला किल्ली नाही, आकड्यांची तबकडी. ती उजवीकडे तीनदा फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचं, मग डावीकडे, दुसरा आकडा एकदा ओलांडून पुन्हा त्यावर यायचं, मग उजवीकडे थेट तिसऱ्यावर. एक रेघ चुकली की पहिल्यापासून. मलाच सहाव्या खेपेला जमलं. तसलं कुलूप घरी आणलंय. रोज रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून, जीभ बाहेर काढून तो ते फिरवतो. काल पहिल्यांदा उघडलं, तर लगेच परत लावून टाकलं, पुन्हा उघडायला.

काळजी करू नका, सगळं लेखी घेतलंय. 1975 च्या कायद्यापासून इथे अशा प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा वेगळा लेखी आराखडा करतात, त्याला आयईपी म्हणतात. दर वर्षी बैठक, आणि समितीत आई-वडीलही. मराठी दुभाषा हवा का, असंसुद्धा विचारलं. घंटेच्या तीन मिनिटं आधी तो वर्गातून निघेल, रांगेतलं शेवटचं लॉकर त्याचं, भाषेचे तास छोट्या वर्गात, बाकी सगळ्यांबरोबर, सोबत मदतनीस. फी नाही.

बाबा, तुम्ही पाठवलेलं कात्रण वाचलं. आपल्याकडचा दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा, त्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नताही आहे, 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, सगळं माहीत आहे. तिकडे काही नाही असं मी म्हणतच नाही. पण त्याला बोलतं करायला सहा वर्षं गेली, आणि ते बोलणं इंग्रजीत आलं. आई, "वर्षभर माझ्याकडे ठेव" म्हणालीस. तू सांभाळशील, माझ्यापेक्षा नीट सांभाळशील. पण त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावायची हिंमत माझ्यात नाही.

धाकटीच्या लग्नाचं. मार्गशीर्षातला मुहूर्त धरा, माझ्यासाठी पुढे ढकलू नका. मी येईन, एकटी, आठ दिवस. गुंड्या त्याच्या बाबांजवळ राहील. मी त्याला लपवते आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे, तुम्हाला मात्र तसं वाटू नये. रामकुंडावर आरतीच्या वेळी तो कानांवर हात दाबून कसा थरथरत होता, तुम्ही पाहिलंय. मांडव, बँड, चारशे माणसं, त्यात नव्या शाळेचे पहिलेच महिने. बहिणीच्या लग्नात माझं लेकरू नसणार, हे मला रोज टोचतं.

बाबांच्या मोतीबिंदूसाठी आणि हॉलच्या आगाऊ रकमेसाठी दीड लाख पाठवलेत, मिळाले की कळवा. ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकाच. आई, नवश्या गणपतीचा नवस मी आले की दोघी मिळून फेडू. धाकटीला सांग, पैठणी माझ्याकडून.

आपली,
ताई

ता. क. बाबा, त्या दिवशी त्याला शांत करायला तुम्ही घाटाच्या पायऱ्या मोजायला लावल्या होत्या. किती होत्या, असं तो विचारतोय. एकदा जाऊन मोजून कळवा. अंदाजे आकडा त्याला चालत नाही.