आत्यास पत्र: अर्ध्या गल्ल्याचा डाव

सेंट पॉल, मिनेसोटा
जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "एकाच डावात दोघं जिंकतात, हे कसले पत्ते?" आणि मी उत्तर देणार तेवढ्यात बाबांनी फोन घेऊन थंडीची चौकशी सुरू केली. थंडी उणे वीस आहे, स्वेटर पुरेसे आहेत, हे त्यांना सांग. पत्त्यांचं मात्र तुलाच लिहिते, कारण घरात हे नीट कळेल असं दुसरं कोणी नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त जोडपं राहतं. शुक्रवारी रात्री त्यांच्या तळघरात पाच-सहा जण जमतात, सगळे साठीच्या पुढचे. मीच काय ती तरुण. पैशांचं विचारशील म्हणून आधीच सांगते: एक चिप पाव डॉलरची, आणि रात्रभर हरलं तरी हॉटेलातल्या एका जेवणाइतकंसुद्धा जात नाही.

खेळाचं नाव ओमाहा हाय-लो, पोकरचाच एक प्रकार. ओमाहा हे इथून दक्षिणेला नेब्रास्कातलं शहर, पण खेळ रुळला तो १९८० च्या दशकात लास व्हेगासच्या कॅसिनोंत. दिवाळीत आपण तीनपत्तीचा मुफलिस खेळतो, ज्यात सगळ्यात फालतू हात जिंकतो, तो आठव. इथे सरळ डाव आणि मुफलिस एकाच वेळी चालू असतात. मध्ये जमलेल्या पैशांचा, म्हणजे गल्ल्याचा, अर्धा भाग सगळ्यात भारी हाताला, अर्धा सगळ्यात हलक्या हाताला.

प्रत्येकाला चार पानं मिळतात. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. दर टप्प्याला चाल. शेवटी पाच पानांचा हात लावायचा, पण त्यात आपली दोनच आणि मधली तीनच. तीनही नाही, एकही नाही. तुझ्या हातात इस्पिकचा एक्का आहे, बाकी तिन्ही पानं लाल, आणि मध्ये चार इस्पिक पडले. तू म्हणशील कलर झाला. नाही झाला! हातातून दुसरं इस्पिक हवंच. हा एक नियम डोक्यात बसला की अर्धा खेळ आला असं समज.

आता हलक्या हाताचं. त्यात पाचही पानं वेगवेगळी आणि अठ्ठी किंवा त्याखालची हवीत. एक्का इथे सगळ्यात लहान. जोडी चालत नाही. सिक्वेन्स किंवा कलर झाला तरी हलक्या हाताला त्याची बाधा नाही. त्यामुळे एक्का-दुर्री-तिर्री-चौका-पंजा हा सगळ्यात हलका हात, आणि तोच वरच्या बाजूला सिक्वेन्स म्हणूनही चालतो. दोन हलके हात ताडून पाहताना मोठ्या पानापासून सुरुवात करायची. सत्ती-छक्का-पंजा-चौका-तिर्री हा हात अठ्ठी-चौका-तिर्री-दुर्री-एक्क्याला हरवतो, कारण सत्ती अठ्ठीपेक्षा लहान. मध्ये अठ्ठी किंवा त्याखालची तीन वेगवेगळी पानं पडलीच नाहीत तर हलका हात कोणाचाच होत नाही आणि सगळा गल्ला भारी हाताकडे जातो. भारी हातासाठी आपली एक जोडगोळी आणि हलक्यासाठी दुसरी, असंही करता येतं. वाटणी करताना एक चिप उरली तर ती भारीवाल्याची.

हे सगळं पाठ झालं की वाटतं, एक्का-दुर्री हातात आली म्हणजे निम्मा गल्ला खिशात. गेल्या शुक्रवारी माझ्या शेजारच्या बाईंकडे (शाळेत गणित शिकवायच्या) एक्का-दुर्री होती. मध्ये अठ्ठी, पंजा, चौका, राजा, नव्वी. त्यांचा हलका हात अठ्ठी-पंजा-चौका-दुर्री-एक्का, म्हणजे त्या पानांवर याहून हलका हात होऊच शकत नाही. समोरच्या आजोबांकडेही एक्का-दुर्री, वर दोन राजे. तिसरे गृहस्थ अठ्ठी-पंजाच्या दोन जोड्यांवर शेवटपर्यंत पैसे टाकत राहिले. प्रत्येकाच्या १६ चिप्स, गल्ला ४८ चा. तीन राजांना २४. उरलेल्या २४ चे दोन भाग, बारा-बारा. म्हणजे बाईंचा हात सगळ्यात हलका, आणि सोळा घालून बारा हाती! आजोबांनी ३६ ओढले. बाई रागावल्या नाहीत, चिप्स मोजता मोजता मला म्हणाल्या, "अर्ध्यासाठी खेळलं की पाव मिळतो."

म्हणून इथले मुरलेले खेळाडू हाताची पारख वेगळी करतात. नुसती एक्का-दुर्री नको, तिच्याबरोबर तिर्री हवी. मध्ये दुर्री पडली तर तुझ्या हातातली दुर्री कामातून जाते आणि एक्का-तिर्रीवाला तुझ्या पुढे जातो. तुझ्याकडे तिर्रीही असेल तर निभावतं. शिवाय एक्क्याच्या रंगाचं आणखी एखादं पान असावं, म्हणजे वरच्या बाजूलाही आशा राहते. दोन एक्के, दुर्री, तिर्री आणि दोन्ही एक्क्यांना आपापल्या रंगाची सोबत, हा पहिल्या वाटपातला सर्वांत चांगला हात मानतात. उलट नव्वी-अठ्ठी-सत्ती-छक्का दिसायला देखणी, पण फसवी. तिचा सिक्वेन्स लागतो तो बहुतेक वेळा लहान पानं पडल्यावर, म्हणजे अर्धा गल्ला आधीच दुसऱ्याच्या घरात. मी तर ती सरळ टाकून देते.

तुझ्या तीनशे चारच्या खेळातला तीस गुणांचा गुलाम इथे अगदीच पोरका आहे, त्याला कोणी विचारत नाही. पण उतरलेली पानं लक्षात ठेवायची तुझी सवय इथे फार उपयोगी पडणार नाही, कारण लोकांनी टाकलेले हात पालथेच राहतात. कोण कशावर किती टाकतोय यावरूनच ओळखायचं.

आजोबा मंडळी कधी कधी जुन्या पद्धतीने खेळतात, ते तुला आवडेल. शेवटी प्रत्येकजण टेबलाखाली चिप्स घेऊन मूठ वर धरतो आणि सगळे एकदम उघडतात. मूठ रिकामी म्हणजे मी हलक्या बाजूला, एक चिप म्हणजे भारी बाजूला, दोन म्हणजे दोन्हीकडे. दोन्ही म्हणून एकीकडे जरी हरलं तरी हाती भोपळा. त्या क्षणी सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. तू असतीस तर सगळ्यांना लुटलं असतंस.

आता तुझी परीक्षा. तुझ्या हातात इस्पिक एक्का, चौकट दुर्री, किलवर तिर्री, इस्पिक चौका. मध्ये बदाम एक्का, किलवर दुर्री, चौकट सत्ती, इस्पिक राणी, बदाम राणी. वरच्या बाजूला तुझी कोणती दोन पानं लावशील आणि खालच्या बाजूला कोणती? रविवारी फोनवर सांग, आणि बाबांना मध्ये बोलू देऊ नकोस.

काकांना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझी भाची,
मनू