पाटी जिथे होती तिथे बसवा, मंत्रिमहोदय

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

दौंड तालुक्यातल्या आमच्या गावच्या चर्चची पुढची भिंत रस्तारुंदीकरणात गेली. रस्ता गावाला हवाच होता, भिंतीची तक्रार नाही. पण त्या भिंतीत पहिल्या महायुद्धात गेलेल्या माझ्या चुलत आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी होती. 'पावसाळ्याआधी बसवून देऊ,' असा शब्द तुमच्या अधिकाऱ्यांनी मंडळीच्या पंचांसमोर दिला होता. नाताळ आला. परवा बघतो तर पाटी ठेकेदाराच्या शेडमागे, खडीच्या ढिगात. कोपरा उडालेला, अक्षरांतलं शिसं टोकरून काढलेलं, १९१६ मधला सहा फुटलेला. उचलायला गेलो तर मुकादम म्हणतो, "सरकारी कामातला माल आहे, हात लावू नका."

माल?

इराकमध्ये कुट-अल-अमारात वेढली गेली ती फौज सहावी पूना डिव्हिजन, आपल्या पुण्याच्या नावाची. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. रसद संपली, घोडी-खेचरं कापून खाल्ली, शेवटी शरण जावं लागलं. चुलत आजोबा तिथेच गेले. ना प्रेत आलं, ना कबरीचा पत्ता. पणजी दर रविवारी उपासनेनंतर त्या पाटीवर हात ठेवून उभी राहायची. हे सांगणारी माझी आत्या आज नव्वदीत आहे आणि रोज विचारते, "लागली का रे पाटी?" मी तिला काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा.

तुमचे एक साहेब म्हणाले, "इंग्रजांचेच शिपाई ना ते?" होय, पगार इंग्रजांचा होता. कोरडवाहू घरातल्या पोराला तेव्हा दुसरा धनी होता कुठे? त्या युद्धात हिंदुस्थानचे ७४ हजारांवर सैनिक मेले. ते सगळे परके?

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन या. दीड हजारांहून अधिक कबरी आहेत, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. घोरपडीचं युद्धस्मारक १९९८ साली लोकवर्गणीतून उभं राहिलं. लोक पैसे देतात, बाहेरची संस्था कबरी राखते, आणि सरकारला एक पाटी सांभाळता येत नाही! जिल्ह्यात किती गावांत अशा पाट्या आहेत, किती रुंदीकरणात गेल्या, याची साधी वही तरी कुठल्या खात्यात आहे का? छब्बीस जानेवारीला मात्र शहिदांवर भाषणं होतात, चौकाचौकात फ्लेक्स लागतात, आणि फ्लेक्सवर चेहरे तुमचेच असतात.

मला नवी पाटी नको, तीच हवी, रस्त्याकडे तोंड करून. तोंडी आश्वासन नको. तारीख घातलेलं, सही-शिक्क्याचं पत्र आमच्या पाळकांना द्या. आणि ती खडीतून उचलायला आजच फोन करा.

आपला,
एक नागरिक, वानवडी, पुणे